पंधरा नोव्हेंबरची तारीख

कोर्टाच्या कागदांत माझा हुद्दा ‘मुलाचा कैवारी’ असा आहे. मी वकील नाही आणि मला पगारही नाही. गावच्या पाणीपट्टी खात्यात सत्तावीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकून मी निवृत्त झाले. तेव्हा घरात माझ्याविषयी तक्रार करायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. म्हणून मी तीस तासांचं प्रशिक्षण घेतलं, न्यायाधीशांसमोर हात वर करून शपथ घेतली आणि कैवारी झाले.

काम साधं आहे. कोर्टाने आईबापांकडून काढून घेतलेलं एक मूल तुमच्या वाट्याला येतं. त्याला दर आठवड्याला भेटायचं, त्याचे नातेवाईक हुडकायचे, त्यांची घरं पाहायची आणि या मुलाने कुठे राहावं ते न्यायाधीशांना लेखी कळवायचं. माझ्या वाट्याला ऊना लाम्पी आली. वय आठ. बाप कागदावरही नव्हता. आई दूर विस्कॉन्सिनमध्ये व्यसनमुक्ती केंद्रात होती आणि ‘मला मूल सांभाळणं जमणार नाही’ असं तिने कोर्टाला लिहून दिलं होतं. तिच्या हातून नीट पार पडलेलं ते एकमेव काम असावं.

चौदा महिन्यांत ऊनाची सांभाळघरं, म्हणजे कोर्टाने ठरवलेली परक्यांची घरं, तीन झाली, सोशल वर्कर चार झाल्या, वकील दोन झाले. मी मात्र एकच. प्रशिक्षणात सांगतात, ‘मुलाच्या आयुष्यात न बदलणारं माणूस तुम्हीच.’ हे ऐकून वर्गातले बाकीचे गंभीर झाले होते. मला ते वाक्य आवडलं. जरा जास्तच आवडलं, आणि खरं तर तेव्हाच कुणीतरी मला वर्गाबाहेर काढायला हवं होतं.

ऊना बोलायची नाही. हो, नाही, माहीत नाही. आम्ही गावच्या वाचनालयात बसून पत्ते खेळायचो. घरी आल्यावर मी वहीत लिहायची: आज चार वाक्यं. आज दोन. आज ‘तुझा कोट छान आहे’ (हे मी चार वाक्यांबरोबरीचं धरलं). तो कोट मी पुढे मे महिन्यापर्यंत घालत होते.

नातेवाईकांच्या यादीत बालकल्याण खात्याने दोन नावं दिली होती. एकाने फोन उचलला नाही, दुसऱ्याने उचलून ठेवला. खात्याच्या लेखी शोध तिथे संपला. माझ्याकडे वेळ भरपूर. मी वर्तमानपत्राच्या जुन्या फायली काढल्या आणि ऊनाच्या आजोबांच्या मृत्यूची बातमी शोधून काढली. शेवटच्या ओळीत होतं: ‘मागे मुलगी आणि बहीण व्हिएनो कांगास.’ म्हणजे ऊनाच्या आईची आत्या. ऊनाची आत्याआजी. मग लुथेरन चर्चच्या तळघरातल्या कॉफीला तीन रविवार बसले, तेव्हा कळलं की ही व्हिएनो जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटायचा ट्रक चालवते आणि बावीस मैलांवर राहते. तिचं आणि ऊनाच्या आईचं नऊ वर्षांपूर्वी भांडण झालं होतं. त्यानंतर एक मूल जन्मलं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी फोन केला.

“कोण?” पलीकडून आवाज आला.

“मी डोरीन ट्रेंबाथ. कोर्टाने नेमलेली…”

“ट्रकने तुमची पत्रपेटी उडवली असेल तर गॅरेजला फोन करा.”

“पत्रपेटी नाही. तुमच्या भावाची नात.”

पलीकडे चालू असलेला रेडिओ बंद झाला. मग ती म्हणाली, “केवढी आहे?”

“आठ वर्षांची.”

“आठ वर्षं,” ती म्हणाली. “आणि तुम्ही आत्ता फोन करताय?”

शाबासकीच्या अपेक्षेने फोन केला होता, हे मला तो ठेवल्यावर कळलं.

ऑक्टोबरमध्ये मी ऊनाला घेऊन तिच्याकडे गेले. व्हिएनो एकसष्ट वर्षांची, खांद्याने रुंद. केस बहुधा स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापलेले. तीन कुत्री, मागे साउनाची वाफेची खोली, भिंतीला हरणांची शिंगं आणि बंदुकांचं कुलूपबंद कपाट. मी चेकलिस्टचं पॅड छातीशी धरून उभी राहिले. मुलाला नवीन माणसाजवळ कसं हळूहळू न्यायचं, यावर माझ्याकडे चार पानांची टिपणं होती.

व्हिएनोने ऊनाकडे पाहिलं आणि म्हणाली, “हात दाखव. धुतलेस?”

ऊनाने नाही म्हणून मान हलवली.

“मग धू. पिठात घालायचेत.”

ओट्यावर वेलदोड्याच्या पावाचं पीठ फुगून बसलं होतं. व्हिएनोने त्याचे तीन दोर ओढले, वेणी घातली आणि दुसरा गोळा ऊनापुढे सरकवला. कसं करायचं ते सांगितलं नाही. शाळा आवडते का, झोप लागते का, काहीही विचारलं नाही. ऊनाची वेणी एका बाजूला कलली.

“माझी वाकडी झाली,” ऊना म्हणाली.

मी पुढे झाले. अशा वेळी मुलाच्या प्रयत्नाचं कौतुक करावं, निकालाचं नाही. टिपण पान तीन. मी तोंड उघडणार तोच व्हिएनो वाकून बघत म्हणाली, “वाकडी आहे खरी. माझ्या ट्रकखाली आल्यासारखी दिसतेय.”

आणि ऊना हसली.

तोंड मिटून नाही. आवाज करून, पुढच्या दोन पडलेल्या दातांची फट दिसेपर्यंत. चौदा महिन्यांत तिचे ते दात पडलेत हे मला माहीत नव्हतं.

मी चेकलिस्ट वर केली आणि झोपायच्या खोलीची खिडकी मोजायला गेले. खिडकी रंगाने चिकटली होती, उघडत नव्हती. आग लागली तर मूल कुठून बाहेर पडेल? मी ते लिहिलं. खाली रेघ मारली. दुसरी रेघ मारली तेव्हा कागद फाटला. स्वयंपाकघरातून पुन्हा हसू ऐकू आलं, तेव्हा मी कुत्र्यांचं वर्णन लिहायला घेतलं.

परत येताना गाडीत ऊना अकरा वाक्यं बोलली. सगळी कुत्र्यांबद्दल.

पुढच्या आठवड्यात कोर्टातून फोन आला. आमचे नेहमीचे न्यायाधीश गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होते आणि त्यांच्या जागी ओल्डेनबर्ग नावाचे साहेब आले होते, पुलाखालून. आमच्याकडे मोठ्या पुलाच्या दक्षिणेला राहणाऱ्या सगळ्यांना पुलाखालचे म्हणतात. त्यात गव्हर्नरही आला. साहेबांनी स्वतःची कारकूनही आणली होती, मिसेस पेटिग्रू. ऊनाचा आणि खात्याचा, दोन्ही वकील व्हिडिओच्या पडद्यावर हजर राहायचे, तेही तिकडूनच. चौथी सोशल वर्कर तीन आठवड्यांपूर्वी तिकडूनच आली होती.

“लाम्पी प्रकरणासाठी दोन तारखा मोकळ्या आहेत,” मिसेस पेटिग्रू म्हणाल्या. “पंधरा नोव्हेंबर किंवा तीन डिसेंबर. बाकी सगळ्यांना दोन्ही चालतात. तुमचं सांगा, ट्रेंबाथबाई.”

पंधरा नोव्हेंबरला आमच्याकडे हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी शाळा बंद असतात. दंतवैद्य बंद असतो. माझ्या मावशीचं दफन आम्ही सतरा तारखेला केलं, कारण खड्डा खणणारा जंगलात होता, आणि मावशी असती तर तीही तिथेच असती. त्या दिवशी आमच्या जिल्ह्यात कुणी कुणाला कुठे बोलावत नाही. बोलावलं तरी कुणी जात नाही. व्हिएनोच्या भिंतीवर मी स्वतः पाहिलं होतं: दर वर्षीचा तिच्या शिकारीच्या कॅम्पचा फोटो, तेराव्या वर्षापासून एकही न चुकवता.

आणि ज्या नातेवाइकाला मूल हवंय तो सुनावणीला आलाच नाही, तर नवख्या न्यायाधीशाला ते कसं दिसतं, हेही मला ठाऊक होतं.

“पंधरा चालेल,” मी म्हणाले.

“बाकी काही अडचण नाही ना त्या दिवशी? सणबिण?”

“सरकारी सुट्टी नाही,” मी म्हणाले. हे अगदी खरं होतं.

नोटीस मिळाल्यावर व्हिएनोचा फोन आला. “ही पंधरा तारीख कुठल्या गाढवाने काढली?”

“कोर्टाने.”

“बदलता येईल?”

“अर्ज करता येतो,” मी म्हणाले. आवाज मी इतका मऊ ठेवला होता की माझा मलाच ओळखू येईना. “पण शिकारीसाठी तारीख पुढे ढकलली, हे साहेबांना कसं वाटेल, ते मी नाही सांगू शकत.”

“बरं,” म्हणून तिने फोन ठेवला.

मग मी रिपोर्ट लिहायला बसले. इतकी ओघवती भाषा मला आयुष्यात कधी सुचली नव्हती. कुत्री तीन, आकार मोठा. खिडकी बंद. ट्रकच्या पाळ्या पहाटे तीनपासून. साउनाचा दरवाजा मुलाच्या हाताला सहज येणारा. एकही शब्द खोटा नव्हता. शेवटी शिफारस: ‘घाई न करता सध्याच्या सांभाळघरातच ठेवावे व कैवाऱ्याच्या साप्ताहिक भेटी चालू ठेवाव्यात.’

आमच्या संस्थेत बर्नाडेट क्लूटिए सगळे रिपोर्ट तपासते. तिने मला बोलावून घेतलं. चष्मा डोक्यावर सरकवून ती म्हणाली, “डोरीन, कुत्र्यांवर अकरा ओळी आहेत.”

“तीन कुत्री आहेत.”

“एकेका कुत्र्याला जवळजवळ चार ओळी दिल्यास तू. ऊनावर किती आहेत?”

मी पानं उलटून शोधू लागले.

“दीड. आणि ‘मुलाची इच्छा, त्याच्याच शब्दांत’ हा रकाना कोरा आहे. हा रकाना कोरा ठेवून गेलेला कैवारी मी सोळा वर्षांत पाहिला नाही गं. विसरलीस?”

“अजून विचारलं नाही.”

“का?”

“ती बोलत नाही ना फारशी.”

“तुझ्याशी,” बर्नाडेट म्हणाली. तिला लागेलसं बोलायचं नव्हतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात मी पत्ते पिसले आणि विचारलं, “ऊना, साहेबांना मला तुझ्या शब्दांत सांगायचंय. तुला कुठे राहावंसं वाटतं?”

“आत्याआजीकडे.”

“का?”

तिने पानं लावली. लाल एका बाजूला, काळी एका बाजूला. “ती मला काही विचारत नाही.”

चौदा महिने, आठवड्यातून एकदा, आणि मी काय करत होते तर विचारत होते. मी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. नियमच आहे तसा.

“मी तिकडे गेले,” ऊना पत्त्यांकडे बघतच म्हणाली, “की ते तुला दुसरं मूल देणार?”

“हो, कदाचित.”

“मुलगी?”

“माहीत नाही. कुणीही असू शकेल.”

“त्यालापण इथे आणणार तू? याच टेबलावर?”

“टेबल तर हेच आहे, ऊना.”

तिने एक पान जोरात टाकलं. “मुलगा असू दे,” ती म्हणाली. “आणि हे पत्ते त्याला देऊ नको. हे माझे आहेत.”

पत्ते वाचनालयाचे होते. पण मला हसू फुटत होतं, आणि मी ते लपवायला खिडकीबाहेर पाहिलं. कुणीतरी माझ्यावरून जळत होतं! आठ वर्षांची मुलगी घर मागत होती आणि तिच्या कैवाऱ्याला सुख कशाचं झालं होतं, तर याचं. मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण घरी पोचल्यावर.

रात्रीपर्यंत थांबले नाही, जेवणाआधीच रिपोर्ट नव्याने लिहिला. कुत्री: तीन, मायाळू. (ही ओळ लिहायला अर्धा तास लागला.) खिडकी: दुरुस्त करावी. शिफारस: व्हिएनो कांगास यांच्याकडे द्यावे.

रिपोर्ट मी बदलला. तारीख नाही बदलली. मिसेस पेटिग्रूंना एक फोन पुरला असता. मी तीनदा फोन उचललाही. पण कागदावर शिफारस करणं वेगळं आणि ती बाई खरंच कोर्टात येऊन मुलीला घेऊन जाताना बघणं वेगळं. नाही आली तर तो तिचा प्रश्न, असं मी स्वतःला सांगितलं. ते मला पटलंही. माझं मला नेहमीच चटकन पटतं.

पंधरा नोव्हेंबरला सकाळी नऊला कोर्टात मी होते, सोशल वर्कर होती, पडद्यावर दोन वकील होते. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ओल्डेनबर्गसाहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, “गाव रिकामं का केलंय? काही आजार वगैरे?”

मी चष्मा पुसला.

“कांगासबाई आल्यात का?” नऊ वाजून पाच मिनिटांनी साहेबांनी विचारलं.

“दिसत नाहीत,” मिसेस पेटिग्रू म्हणाल्या.

साहेबांनी कागदावर काहीतरी टिपलं. मला ते वाचता येत नव्हतं, पण काय असेल ते समजलं. तेवढ्यात दरवाजा उघडला.

व्हिएनो आत आली. डोक्यापासून पायापर्यंत भडक नारिंगी, जंगलात कुणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून घालतात तसं, टोपीला हंगामाचा परवाना टाचलेला. तिच्या मागोमाग तिच्या कॅम्पची आणखी तीन म्हातारी माणसं, तशीच नारिंगी. चौघे मागच्या बाकावर ओळीने बसले. बुटांचा बर्फ फरशीवर वितळू लागला. एकाच्या खिशातून पेस्टीचा, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या करंजीचा, वास कोर्टभर पसरला.

“उशीर झाला, साहेब,” व्हिएनो म्हणाली. “कॅम्पवरून येतोय. रस्त्यावर बर्फ होता, लोटायला कुणी नव्हतं. मीच सुट्टीवर आहे ना.”

साहेब त्या चौघांकडे बघत राहिले. “हा काही निषेधाचा प्रकार आहे का? नारिंगी कपडे?”

“नाही साहेब, हे माझे जोडीदार. मी म्हटलं, तुम्ही थांबा, मी जाऊन येते. तर म्हणाले, घरातलं मूल आहे, सगळेच जाऊ.”

“कुठून सगळे?”

व्हिएनोला ते कसं सांगायचं कळेना. ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात त्या सांगता येत नाहीत माणसाला. तिने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. “ट्रेंबाथबाई, तुम्ही इथल्याच ना? मला कुणी समजावेल?”

मी उभी राहिले. आज काय दिवस आहे ते सांगितलं. शाळा, दंतवैद्य, मावशी. मग सांगितलं की या बाईने अठ्ठेचाळीस वर्षांत हा दिवस चुकवलेला नाही. नवऱ्याच्या आजारपणात नाही, स्वतःचा हात मोडला त्या वर्षी नाही. “साहेब, आमच्या जिल्ह्यात माणसं लग्नं पुढे ढकलतात या दिवसासाठी,” मी म्हणाले. “त्या आज इथे आल्यात, यापेक्षा मोठा पुरावा मी रिपोर्टात देऊ शकले नसते.”

बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की व्हिएनोच्या बाजूने इतकं चांगलं कुणीच बोललं नसतं. मला अतिशय वाईट वाटलं.

साहेबांनी चष्मा काढला. “मग ही तारीख दिली कुणी?”

मिसेस पेटिग्रू लाल झाल्या. “मी ट्रेंबाथबाईंना विचारलं होतं, साहेब. अडचण आहे का म्हणून.”

“बाई?”

“मला ठाऊक होतं,” मी म्हणाले.

“काय ठाऊक होतं?”

“आज काय असतं ते. कांगासबाई येणार नाहीत असं वाटलं, म्हणून घेतली.”

“पण तुमच्या रिपोर्टात तर मूल त्यांनाच द्यावं असं लिहिलंय!”

“हो.”

“मग का?”

“जळत होते मी, साहेब.”

कोर्टाची टंकलेखिका थांबली. “जरा मोठ्याने बोला. नोंद करायची आहे.”

मी मोठ्याने बोलले. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला विचारलं, “काय म्हणाली?” दुसऱ्याने कानात सांगायच्या बेताने ओरडून सांगितलं, “जळत होती म्हणे.” अशी त्याची तीनदा नोंद झाली.

साहेबांनी निकाल द्यायला दहा मिनिटं घेतली. ऊना त्याच दिवशी व्हिएनोकडे जाणार. खिडकी आठवड्यात दुरुस्त करावी. सहा महिने देखरेख. मग ते व्हिएनोला म्हणाले, “देखरेखीला दुसरी कैवारी नेमावी असं तुम्हाला वाटत असेल तर मोकळेपणाने सांगा. कारण उघड आहे.”

व्हिएनोने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“ही असू दे,” ती म्हणाली. “हिने मला शोधलं. बाकी कुणी शोधलं नाही. कुत्री हिला आवडत नाहीत. पण कुत्र्यांनाही ही आवडत नाही, म्हणजे फिट्टंफाट.”

बाहेर व्हरांड्यात मी माफी मागायला तिच्याजवळ गेले. तिने टोपी सारखी केली. “मुलीच्या बाबतीत जळलीस, ते मी समजू शकते,” ती म्हणाली. “पण पहिल्या दिवशीची पहाट घालवलीस माझी. ते मी विसरायची नाही. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ये. जेवूनच ये, मी तुला वाढणार नाही.”

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी मी गेले. जेवून गेले. तिने वाढलंच, पेस्टी, शिवाय कॉफी. बशी जरा आपटून ठेवली. ऊना चुलीपाशी जमिनीवर होती, सगळ्यात मोठ्या कुत्र्याच्या पोटाला टेकून. व्हिएनो तिला बर्फाच्या ट्रकची कसली तरी खोटी हकिकत सांगत होती.

“ऊना, बघ कोण आलंय,” व्हिएनो म्हणाली.

ऊनाने मान वर केली. “हं,” ती म्हणाली आणि परत व्हिएनोकडे वळली. “मग? मग त्या गाईचं काय झालं?”

मी कोट काढला नाही. तोच कोट होता. कुणी काही म्हणालं नाही. गाईचं जे काय झालं त्यावर त्या दोघी इतक्या हसल्या की कुत्रं उठून दुसरीकडे गेलं, आणि मी हकिकतीची सुरुवात ऐकलेली नसल्याने मला हसता आलं नाही.

भेटीच्या अर्जात शेवटचा प्रश्न असतो: ‘भेटीदरम्यान मुलाने कैवाऱ्याकडे लक्ष दिले का?’ मी ‘नाही’ लिहिलं. प्रशिक्षणात सांगतात की देखरेखीच्या काळात ‘नाही’ हे उत्तम उत्तर. मूल घरात रुजल्याची खूण. बर्नाडेटने ते वाचून मला फोन केला आणि अभिनंदन केलं. म्हणाली, “बघ, किती लवकर!”

मी आभार मानले. पुढच्या महिन्याचा पहिला मंगळवार कधी येतो ते मी आधीच पाहून ठेवलंय. तोवर गाईचं काय झालं ते कुणाकडून तरी काढायला हवं.